कामाच्या वेळेतला वर्ग

"नव्या मशीनचं शिक्षण फुकट देतोय, तरी एकही बाई फिरकत नाही. शिकायची हौसच नाही तुम्हाला," साहेब बैठकीत म्हणाले.

शिलाई खात्यातल्या मावशी उठल्या. "वर्ग संध्याकाळी असतो, साहेब. तेव्हा आमची घरची पाळी सुरू होते. कामाच्या वेळेत ठेवून बघा."

वर्षभर त्यांनी हाच धोशा लावला. शेवटी कारखान्याला नियम बदलावा लागला.

पहिल्याच दिवशी वर्ग गच्च भरला. मावशींनी दारातूनच डोळे भरून पाहिलं आणि 'आपलं आता वय झालं' म्हणत त्या जुन्या मशीनकडे वळल्या. इतक्यात त्याच खात्यातल्या त्यांच्या सुनेनं हाक मारली.

"निघालात कुठे, आई? तुमची जागा धरून ठेवलीय. फक्त माझ्या वहीत बघून लिहायचं नाही हं!"