सोळावा आकडा

"तुमच्या पट्टीवरचा शेवटचा आकडा काय आहे?" शोधकार्यालयातल्या कारकुनानं फोनवर विचारलं.

शिंपिणीनं मशीन थांबवलं. "सात. का?"

"आमच्या यादीत शून्य आहे. सगळ्यांच्याच नंबरात शेवटी शून्य आहे. संगणकातला तक्ता पंधराच आकडे धरतो, सोळाव्याच्या जागी शून्य टाकून मोकळा होतो. आम्हाला कळायला तीन वर्षं लागली."

४०१७ ३३५८ ९२०६ ४१७०

"म्हणजे?"

"म्हणजे एका नंबरची दहा मुलं. शुक्रवारी तुमची पट्टी आणि तुमच्या आईंची चिठ्ठी घेऊन या. जुळलं तर प्रश्नच नाही."

"आणि नाही जुळलं तर?"

"तर दोघींची नावं पुन्हा हरवलेल्यांच्या यादीत."

पुराच्या छावणीत मुलाच्या झबल्याला दोऱ्यानं नंबर भरलेली पट्टी शिवत आणि आईच्या हातात तोच नंबर छापलेली चिठ्ठी देत. तेव्हा शिंपीण दोन वर्षांची होती. पट्टी तिनं एकतीस वर्षं जपली. आई ही हाक मात्र तिनं पहिल्यांदा मारली ती तीन वर्षांपूर्वी, कार्यालयातल्या बाकावर. अजून ती दिवसातून दहादा मारायची, काही काम नसताना.

त्या दिवशी म्हातारीनं पट्टी डोळ्यांजवळ धरून एकेक आकडा ओठांत वाचला होता. बराच वेळ. मग म्हणाली होती, "हाच. चिठ्ठी घरी आहे, पण पाठ आहे मला." कारकुनानं पडद्यावर पाहून मान डोलावली होती.

"आई."

"काय गं?" आतून आवाज आला. म्हातारी लाल पेन घेऊन वर्तमानपत्र वाचत होती. छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितं तपासली, सवय सुटत नव्हती. "आज सतरा चुका. यांच्या डोळ्यांत काय माती गेलीय का?"

"तुझ्या नजरेतून कधी काही सुटलंच नाही?"

"सोडलं असेल. सुटलं नाही." पान उलटल्याचा आवाज. "कोणाचा फोन होता?"

"गिऱ्हाईक. बाही आखूड झालीय म्हणतंय."

"मग लांब कर."

"कापड उरलं नाही, आई."

"जोड दे. तुला कोणी शिकवायला हवंय?"

दुसऱ्या दिवशी म्हातारी वाचनालयात गेली, तेव्हा शिंपिणीनं पट्टी मांडीवर घेतली.

४०१७ ३३५८ ९२०६ ४१७७

शेवटचा सात म्हणजे नऊ टाके. उसवायला मिनिटभर. पण त्या जागी भरायचं काय? त्यासाठी चिठ्ठी पाहायला हवी होती. तीन वर्षांत तिनं ती कधी मागितली नव्हती. भीती वाटायची, कशाची ते ठाऊक नसताना.

कपाटात, साड्यांच्या खाली, पाकीट होतं. तिनं सुईत जुन्या रंगाचा दोरा ओवून ठेवला आणि मग ते उघडलं.

४०१७ ३३५८ ९२०६ ४१७२

छापील दोनावर एक बारीक लाल रेघ होती. समासात, नेटक्या अक्षरात, सात लिहिला होता. त्याखाली मुद्रितशोधकाची सही आणि बाकावरच्या त्या दिवसाची तारीख.