सुमित्राबाईंची निळी फुलं

महादेवरावांच्या पत्राला उत्तर द्यायचं राहिलं त्याला तीन वर्षं झाली होती, आणि आज सकाळी त्यांचं दुसरं आलं. साधं कार्ड. नोकरी संपली. पुढल्या महिन्यात रानीखेत सोडून चांद्याला मुलीकडे जातो आहे, वाटेत वर्धा लागेल. 'उतरावं असं फार वाटतं. पण तुमचं काही आलं नाही तर समजून घेईन, आणि डब्यातूनच नमस्कार करीन.'

कृष्णकांत मास्तरांनी कार्ड तीनदा वाचलं आणि पुस्तकात घालून पुस्तक मिटलं. मग पुन्हा उघडलं.

पहिलं पत्र त्यांना पाठ होतं. पुलगावला दोघं शेजारी होते. मास्तर शाळेत, महादेवराव दारूगोळ्याच्या डेपोत कारकून. पुढे मास्तर निवृत्त होऊन वर्ध्याजवळ नालवाडीला आले, महादेवरावांची पहाडात बदली झाली आणि तिथे त्यांच्या पत्नी सुमित्राबाई वारल्या. पत्रासोबत पुडीत खसखशीहूनही बारीक बी होतं. 'सुमित्रानं क्वार्टरच्या भिंतीलगत निळी घंटाफुलं लावली होती. मी आज इथे, उद्या तिथे. तुम्ही वाचणारे, तुम्हाला जमेल. दरवर्षी लावावं लागत नाही. वरून वाळतं, मुळात जगतं. फूल आलं की कळवा.'

मास्तर तेव्हाच सांत्वनाचं पत्र लिहायला बसले होते. मग वाटलं, अंकुर फुटू दे, त्या बातमीसकट पाठवू. अंकुर फुटला. मग वाटलं, फूलच येऊ दे. हिवाळाभर कुंडीत नुसती पानं डुलली, आणि वैशाखात तीही जळून गेली. 'मुळात जगतं' हे त्यांनी वहीत उतरवून घेतलं होतं. पण तो नियम हुशार माणसांच्या हातच्या झाडांना असावा, असं त्यांना वाटलं. कुंडी त्यांनी न्हाणीमागे, सांडपाणी जिरतं तिथे, नेऊन ठेवली आणि पुन्हा त्या बाजूला पाहिलं नाही. गेलेल्या बाईंची एकुलती एक आठवण आपल्या हातून मेली, हे कोणत्या शब्दांत लिहायचं ते त्यांना सापडलं नाही.

आज मात्र लिहायलाच हवं होतं. जेवणवेळेपर्यंत चार कागद फाटले.

"सकाळपासून काय करून राह्यले तुमी?" पत्नी यशोदाबाईंनी ताट वाढलं. "फाडाचंच होतं तं लिवलं काऊन?"

मास्तर खाली मान घालून जेवत राहिले. भाजी आवडीची होती. मनात एवढं ओझं असूनही त्यांनी ती दोनदा मागून घेतली. मग एकदम बोलून गेले. बी, कुंडी, वैशाख, सगळं. तीन वर्षांत हे त्यांनी घरात काढलं नव्हतं.

"उतरले तर पहिलं तेच विचारतील," ते म्हणाले. "उतरले नाहीत तर बरं, असं मनात येतं. माझा एवढा एकच मित्र, आणि मनात हे येतं."

यशोदाबाईंच्या हातातली पळी तशीच राहिली. "न्हाणीमागची कुंडी? कान तुटलेली?"

"तीच."

"अवो, मंग मेलं काऊन म्हंता? आता दोनदा मागून खाल्लं ना."

मास्तरांनी ताटाकडे पाहिलं.

"पावसाळ्यात फुटलं ते," यशोदाबाई म्हणाल्या. "मले वाटलं, रानभाजी हाय. चिंधूच्या बकरीनं दोन दिवस खाल्लं, तिले काई झालं नाई, म्हून मी रांधलं. कुंडी पुरेना तं वाफ्यात लावलं. शोभाबाईनं मूळ नेलं, नत्थूजीनं नेलं. सात घरी हाय आता. तुमच्या कुंडीतलं म्हून मास्तरभाजी म्हंतात तिले. साऱ्या आळीले ठाऊक हाय, एक मास्तर सोडून."

"पण मग फूल कसं आलं नाही?"

"येईन कसं? शेंडा वर चढला का आपुन खुडतो. नाई खुडला तं भाजी जून होते."

मास्तर उष्ट्या हातानं उठले आणि इतक्या दिवसांनी न्हाणीमागे गेले. वाफा काठोकाठ हिरवा होता. एकाही रोपाला शेंडा नव्हता. मास्तर हसू लागले, आधी पोटातल्या पोटात, मग अंग हलेपर्यंत.

"हे त्यांना लिहू?" डोळे पुसत त्यांनी विचारलं. "तुमच्या सुमित्राबाईंची फुलं आम्ही दोन वर्षं फोडणीला टाकली, हे?"

"तेच लिवा. सुमित्राबाई असती तं तिनं इचारलं असतं, लसूण किती घालतेस म्हून." यशोदाबाईंनी पदर खोचला. "मी निघते सात घरी. महिनाभर कोनी शेंडा खुडाचा नाई. बेसन खा म्हनावं."

मास्तरांनी पाचवा कागद घेतला नाही, कार्ड घेतलं. उन्हं उतरल्यावर ते स्वतःच टपालपेटीपर्यंत चालत गेले. टाकण्याआधी एकदा वाचावं, दोन शब्द बदलावेत, असं नेहमीप्रमाणे मनात आलं. तोवर कार्ड हातातून सुटलं होतं. त्यावर लिहिलं होतं:

'महादेवराव, वर्ध्याला उतराच. सुमित्राबाईंचं झाड सात घरी आहे, आणि आम्ही सगळे ते खातो. शेंडे आजपासून खुडायचे सोडले आहेत. पण वर काही उमललं, तर ते तेच फूल का, हे आमच्यात कुणालाच ओळखता यायचं नाही. ते फूल पाहिलेले तुम्ही एकटेच आहात.'