बोट ओढायला सहाजण

"हात नको देऊस. माझी मी उतरते."

मधुमतीबाई बोटीतून शेवाळलेल्या धक्क्यावर उतरल्या. उतरताना उजवा गुडघा धरून क्षणभर थांबल्या. देविकानं पुढे केलेला हात मुकाट्यानं खिशात घातला.

"आई, तुझा हट्ट खूप मोठी आहे."

"मोठा आहे," बाईंनी सुधारलं. "आणि तो तसाच राहू दे."

उत्तर आयर्लंडच्या किनाऱ्यापासून अर्ध्या तासावरचं हे बेट. साठ वर्षांपूर्वी इथली शेवटची माणसं उठून गेली. आता छपरं उडालेली नऊ घरं, मेंढ्या आणि वारा. देविकानं आईला बेलफास्टला बोलावलं होतं ते काही बेट दाखवायला नव्हे. आईनं लंडनच्या एजवेअर भागातलं घर बंद करून आपल्याकडे राहायला यावं, एवढंच तिचं मागणं होतं. उद्या आईचं परतीचं विमान होतं.

"तिथे तुला आहे तरी कोण?"

"माझे देव आहेत. तुळस आहे. तुझ्या घरात ऊन नाही, तुळस जगायची नाही."

"आणि मार्चमधला तो मंडे? अकरा वेळा फोन केला मी! पोलिसांना कॉल करणार होते."

"सांगितलं ना तुला. मौन होतं माझं त्या दिवशी."

आईच्या व्रतांपुढे देविकाचं कधीच काही चाललं नव्हतं. पहाटे स्नान, तुळशीला पाणी, पोथीचा एक अध्याय, मगच चहाचा घोट. सत्तेचाळीस वर्षांत एजवेअरच्या बर्फालाही त्यात खंड पाडता आला नव्हता.

बोटवाला ब्रेंडन दोघींना एका पडक्या घरापाशी घेऊन गेला. तो इथेच जन्मला होता. बेट सुटलं तेव्हा पाच वर्षांचा होता. "हे आमचं स्वयंपाकघर," तो म्हणाला. चुलीच्या जागी खाजरं तण माजलं होतं.

मधुमतीबाईंनी भिंतीला धरून, एका पायानं दुसऱ्या पायातला बूट ढकलत, दोन्ही बूट उंबऱ्याबाहेर काढले.

"अहो, दगड गार आहेत, मिसेस!"

"असू देत. तुमच्या आईच्या चुलीपाशी बूट घालून कशी येऊ?"

ब्रेंडननं डोक्यावरची टोपी काढली आणि उगीचच हातात फिरवत राहिला.

"का सोडलंत हो घर? वादळामुळे?" बाईंनी विचारलं.

"वादळं तर रोजचीच."

"मग? खायला नव्हतं?"

"बटाटे होते, मासे होते. प्रार्थनेची वेळ कधी चुकली नाही." तो खाली समुद्राकडे बघत बोलू लागला. "वादळ आलं की बोट दगडांवरून वर ओढून घ्यावी लागायची. त्याला सहाजण लागत. सहावा ग्लासगोला कामाला गेला. पुढचे दोन हिवाळे पाच जणांनीच ओढली. पलीकडच्या किनाऱ्यावरचे विचारायचे, जमतंय ना? आमचे म्हणायचे, झकास चाललंय. तिसऱ्या हिवाळ्यात दोर सुटला आणि बाबांचा पाय बोटीखाली गेला. तेव्हा कुठे खरं बोलले."

"आधी का नाही बोलले?"

"अभिमान, मिसेस. त्याला आम्ही देवावरचा भरवसा म्हणत होतो."

बाई चुलीच्या जागेकडे बघत उभ्या राहिल्या. मग नेहमीसारखे हात जोडले. पण ओठांवर आलेला श्लोक पुढे सरकेना.

ब्रेंडन बोटीकडे उतरला आणि खालून त्यानं निघायची हाक दिली. उंबऱ्याबाहेर येऊन बाई बूट घालायला वाकल्या. गुडघा वाकेना. पुन्हा एकदा प्रयत्न केला. मग भिंतीवरचा हात सोडवून त्यांनी तो देविकापुढे केला.

"धर गं मला," त्या म्हणाल्या. "त्या सोमवारी माझं मौन नव्हतं. सकाळपासून मी न्हाणीघरात पडले होते."