शेवटपर्यंत बघा

रॉकेटचं उड्डाण, व्हायोलिनची मैफल, फुटबॉलची फायनल. जणू सगळं आपणच घडवलंय अशा थाटात बाबा घरच्या ग्रुपवर व्हिडिओंचा रतीब घालायचे. वर तंबी असायची, "शेवटपर्यंत बघा, मग बोला." कुणी नुसता अंगठा टाकला, तर जेवताना त्याची उलटतपासणी व्हायची.

आज मुलीने स्वतःच्या अडथळ्यांच्या शर्यतीचा व्हिडिओ टाकला. पापणी लवायच्या आत बाबांचं उत्तर आलं, "शेवटपर्यंत पाहिला. काय धावलीस गं, ऊर भरून आला." पाठोपाठ त्यांनी आणखी एक रॉकेट सोडलं.

व्हिडिओत ती तिसऱ्याच अडथळ्यावर कोसळली होती. पायाला प्लास्टर घालताना डॉक्टरांनी विचारलं, "घरी कळवलंस ना?"



"कळवलंय," ती म्हणाली. "बाबांनी तर शेवटपर्यंत पाहिलंय."