सेल्फ घेत नाही

प्लासिडने चावी फिरवली. डॅशबोर्डवरचे दिवे लागले, पण इंजिन हललं नाही. साधं टक्‌ असंही वाजलं नाही.

"परत मारा सेल्फ," बॉनेटखाली वाकलेला आत्माराम म्हणाला.

परत तेच.

पिकअपच्या हौद्यात शेवंतीच्या टोपल्या आणि निशिगंधाच्या जुड्या ओल्या गोणपाटाखाली रचून ठेवल्या होत्या. एव्हरशाईन सिटीतल्या एका हॉलवर त्या अकराच्या आत पोचायला हव्या होत्या. दहा वाजायला आले होते. लग्नाचा रविवार, त्यामुळे भुईगावात दुसरा टेम्पो मोकळा नव्हता. सातिवलीचा इलेक्ट्रिशियन आत्माराम येऊन अर्धा तास झाला होता. तेवढ्या वेळात प्लासिड पाचदा गाडीतून उतरला, गोणपाटावर पाणी शिंपडून आला, हॉलवाल्याला फोनवर "निघालोच" म्हणाला आणि परत स्टिअरिंगमागे जाऊन बसला. काल संध्याकाळी तर गाडी ठणठणीत होती, हे त्याने चौथ्यांदा सांगितलं.

आत्मारामला घाई करता येत नसे. त्याने बॅटरी तपासली, ती भरलेली होती. हॉर्न जोरात वाजत होता. हेडलाइट लावून सेल्फ मारायला सांगितलं, तर प्रकाश जराही मंद झाला नाही. म्हणजे सेल्फ करंट ओढतच नव्हता. मग तो गाडीखाली शिरला आणि स्टार्टरच्या बारीक वायरला टेस्ट लॅम्प लावून पाहिला. चावी फिरली, दिवा पेटला नाही. उंदराने वायर खाल्ली असणार, असं प्लासिडचं म्हणणं होतं. आत्मारामने वायरिंगवरून बोटं फिरवली. कुठेही दात लागलेले नव्हते. शेवटी त्याने फ्यूज बॉक्सचं झाकण काढलं.

आतली एक जागा रिकामी होती. तिथे एक छोटा काळा रिले असतो. चावी फिरली की तोच सेल्फला करंट सोडतो. तो आपणहून गळून पडत नाही, धरून उपसावा लागतो. सगळ्या बॉक्सवर धूळ होती. त्या जागेभोवतीची तेवढी बोटांनी पुसली गेली होती.

त्याने मान वर केली. समोर प्लासिडची मुलगी विनी पाण्याचा ग्लास घेऊन उभी होती. चर्चमधल्या सकाळच्या मिस्साचे कपडे अजून तिच्या अंगावर होते. खांद्याला पर्स होती. आत्मारामची धाकटी तिच्या वर्गात होती, म्हणून तो तिला टीचर म्हणायचा. ग्लास पुढे करत ती हळू आवाजात भराभर बोलली. दहा दिवसांपूर्वी मनवेलपाड्याहून परत येताना गाडी चालवता चालवता पप्पांची शुद्ध गेली होती. गाडी भिंतीला घासून थांबली. रिपोर्ट येईपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ते ऐकत नव्हते. तिच्याकडे लायसन्स होतं, पण ते तिला चावी देत नव्हते. पार्ट मुंबईहून यायला आठवडा लागेल एवढं सांगा, बाकी काही नको, असं ती म्हणाली.

आत्मारामने ग्लास घेतला आणि तसाच हातात धरून ठेवला. हॉर्नचा रिले अगदी तसाच असतो. तो काढून इथे बसवला असता तर मिनिटात गाडी सुरू झाली असती. आणि नसलेला बिघाड त्याने आजवर कुणाला सांगितला नव्हता.

"सापडलं काय?" प्लासिड उतरून आलाच.

"गाडीत बिघाड नाही, भाऊ."

प्लासिडने वाकून पाहिलं. चौदा वर्षं हाताखालची गाडी. रिकामी जागा त्याला लगेच दिसली. त्याने आत्मारामकडे पाहिलं, मग विनीकडे. विनीने पर्स उघडली आणि रिले तळहातावर घेऊन उभी राहिली.

प्लासिडचा आवाज चढला. परक्या माणसासमोर हे कसलं वागणं, लोकांचं लग्न आहे, फुलं काय माझी वाट बघत बसणार आहेत, असं तो बरंच बोलला. मग आत्मारामकडे वळून सांगू लागला, की त्या दिवशी तसं काहीच झालं नव्हतं. डोळ्यांवर ऊन आलं, पापणी लवली, तेवढ्यात गाडी घासली. कुणाच्याही हातून होतं.

"पप्पा, मी तुम्हाला चार हाका मारल्या," विनी म्हणाली. "मग हँडब्रेक ओढला."

प्लासिड थांबला.

"चार?"

"चार."

"मला एकही ऐकू नाही आली."

प्लासिडचा फोन खिशात वाजत राहिला, त्याने तो काढला नाही. थोड्या वेळाने त्याने विनीच्या हातातून रिले घेतला. आत्माराम पुढे झाला, मग बाजूला सरकला. प्लासिडने रिले आपल्या हाताने जागेवर दाबून बसवला, झाकण लावलं, बॉनेट पाडलं. विनी पर्सचा पट्टा मुठीत आवळून बघत होती. तो गाडीला पुढून वळसा घालून डाव्या दाराशी गेला, दार उघडून आत बसला.

"क्लच पुरा दाब," तो खिडकीतून म्हणाला. "पहिला गिअर जड जातो."

विनीने सीट पुढे ओढली. पहिल्याच सेल्फला इंजिन सुरू झालं. दोन धक्के खात पिकअप वाडीच्या फाटकापर्यंत गेली आणि तिथे अडली. रस्त्यावर डावीकडून बस येत होती. आत्माराम टेस्ट लॅम्पची वायर गुंडाळत पाहत होता. डाव्या खिडकीतून प्लासिडचा हात बाहेर आला, पार कोपरापर्यंत, आणि त्याने बसला थांबायची खूण केली.