अधिकारी अस्तित्वात नाहीत

दामिनीला दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी कामावरून काढण्यात आलं. दामिनीच्या मते असं काही झालेलं नाही. आपणही तसंच धरून चालू, कारण बारा वाजून अकरा मिनिटांनी ती त्याच खुर्चीवर बसून सर्व्हरचा पासवर्ड टाकत होती.

झालं होतं ते एवढंच. अकोल्याच्या कसदार माती परीक्षण संघात नव्या सर्व्हरचं उद्घाटन होतं. संघाच्या अमरावती शाखेत दामिनीचा प्रोग्राम दोन महिने विनातक्रार चालला होता. शेतकरी मातीची पिशवी आणून देतो, माती तपासली जाते, अहवाल छापून निघतो, खाली अधिकाऱ्याचं नाव. सगळी माहिती डेटाबेसमधल्या तक्त्यांत. शेतकऱ्यांचा एक तक्ता, नमुन्यांचा एक, अधिकाऱ्यांचा एक. हे तक्ते तयार करणारी फाइल मुख्य अधिकारी अनुप साहेबांनी स्वतः लिहिली होती. तक्त्यांची नावं इंग्रजी अक्षरांत. त्यात ‘शेतकरी’ लहान ‘एस’नं, ‘नमुना’ लहान ‘एन’नं आणि ‘अधिकारी’ मात्र मोठ्या ‘ए’नं. साहेबांच्या दृष्टीनं हा प्रश्न तांत्रिक नव्हता, मानमर्यादेचा होता.

अमरावतीचा कॉम्प्युटर विंडोजवर चालतो. तिथल्या डेटाबेसला लहान ‘ए’ आणि मोठा ‘ए’ सारखाच. दामिनीनं प्रोग्राममध्ये सगळीकडे लहान ‘ए’ लिहिला आणि कोणाचं काही अडलं नाही. अकोल्याचा नवा सर्व्हर लिनक्सवर. तिथला डेटाबेस फरक करतो; लहान ‘ए’नं हाक मारली, तर मोठ्या ‘ए’चा तक्ता ओ देत नाही. नारळ फुटला, फीत कापली, साहेबांनी स्वतः बटण दाबलं आणि भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर इंग्रजीत ओळ उमटली: अधिकारी अस्तित्वात नाहीत.

पहिला अहवाल बार्शीटाकळीच्या चतुराबाईंना द्यायचा होता. त्यांना पुढच्या खुर्चीवर बसवलं होतं. त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या शिपायाला, देवमनला विचारलं, “काय म्हनते रे थे मशीन?”

“अधिकारी नाईत म्हनते, मावशी.”

चतुराबाईंनी मंचावरच्या सातही खुर्च्या एकेक करून पाहिल्या. “मंग हे कोन बसून राहिले?”

सभागृह हसलं. सर्वांत शेवटी माइक हसला, म्हणजे मंचावरचंच कोणीतरी तो बंद करायला विसरून हसलं होतं. त्यानंतर बारा वाजून दहा मिनिटांचा तो प्रसंग, जो झालेला नाही.

साहेबांनी दामिनीला सर्व्हरच्या खोलीत गाठलं. तोडगा त्यांच्याकडे तयार होता. “प्रोग्राममध्ये दोनशे चौदा जागी ‘ए’ मोठा करा. सोबत माफीनामा द्या. संध्याकाळपर्यंत नोकरी परत.”

दोनशे चौदा जागा म्हणजे अर्ध्या मिनिटाचं काम. शोधा, बदला, झालं. भातकुलीच्या घरात पगार आणणारी दामिनी एकटीच होती. तिनं ते अर्धं मिनिट पूर्ण विचार केला.

“मी नाई करत, साहेब.”

“का पण?”

“अमरावतीच्या मशीनले तुमी अन् चतुरामावशी एकाच मापाचे दिसता. दोन महिन्यांत थ्या मशीनले काही झालं नाई. मंग मीच काहून वाकू?”

“एवढी हिंमत आहे, तर या मशीनला शिकवा ना!” साहेब म्हणाले.

ते टोमणा मारत होते. दामिनीनं तो आदेश मानला.

लहान-मोठं मानायचं की नाही, हे या डेटाबेसला बसवतानाच सांगावं लागतं. एकदा चालू झाला की मग तो ऐकत नाही. समजावून उपयोग नाही, दम देऊन उपयोग नाही. पूर्ण पुसायचा आणि नव्यानं बसवायचा. दामिनीनं सगळ्या माहितीची प्रत पेन ड्राइव्हवर घेतली आणि साहेबांच्या देखत डेटाबेस कोरा केला. साहेबांना ओरडण्यासाठी आवाज सापडला, तोवर नवा अर्धा बसला होता. तिनं त्याला सुरुवातीलाच एक ओळ लिहून दिली, की बाबा, लहान-मोठं मानू नको. मग साहेबांचीच फाइल चालवली, कानामात्रा न बदलता. यंत्रानं मोठा ‘ए’ वाचला, मान दिल्यासारखं केलं आणि लहान लिहून घेतला. मग दामिनीनं पेन ड्राइव्हवरची माहिती परत भरली.

प्रिंटर कुरकुरला. अहवाल बाहेर आला: जमीन भारी, जस्त कमी, खाली अधिकाऱ्याचं नाव.

“सापडले काय मंग साहेब?” चतुराबाईंनी कागद घडी करत विचारलं.

“सापडले ना,” देवमन म्हणाला. “तुमच्याच लायनीत उभे होते.”

साहेबांनी पाच वाजेपर्यंत लेखी खुलासा मागितला. परवानगी नसताना डेटाबेस का पुसला, आणि कामावरून काढलेली व्यक्ती कामावर कशी होती? दामिनीनं संघाचाच कागद घेतला, जावक क्रमांक टाकला आणि लिहिलं:

“महोदय, कामावरून काढल्याचा आदेश तोंडी असल्याने तो अद्याप प्राप्त झालेला नाही. लहान-मोठे मानण्याची सवय बसवितेवेळीच लागते व नंतर कोणत्याही उपायाने जात नाही, असे आजच्या तपासणीत आढळून आले. सबब, संघातील सातही अधिकाऱ्यांचा बॅकअप घेऊन त्यांना पूर्णपणे पुसण्याची व नव्याने बसविण्याची लेखी परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.”