जागा अपुरी

‘सेव्ह होत नाही. जागा अपुरी आहे.’ तिसऱ्यांदा तेच! ऋजुताच्या तोंडचं पाणी पळालं.

सासूबाईंच्या आठवणी आता डोक्यात टिकत नसत. कपाळावर लावलेली पट्टी त्या आठवणी घरच्या कॉम्प्युटरवर साठवायची आणि तिथूनच वाचायची. आज सकाळी त्यांनी नातीला पहिल्यांदा मांडीवर घेतलं होतं. चार मिनिटांत सेव्ह झालं नाही, तर तेही पुसलं जाणार होतं. आणि सेव्ह होईपर्यंत त्या गुंगीत. विचारायची सोय नाही.

कचरापेटी रिकामी केली, मशीन बंद करून चालू केलं. छे! शेवटी एक भलंमोठं फोल्डर सापडलं. ‘मालन शिर्के’, बावीस वर्षं. सासूबाई तर प्रतिभा घाटगे. मशीन जुनं घेतलेलं. राहिलं असेल कुणा परक्या बाईचं. तिने ते कायमचं डिलीट केलं.

‘सेव्ह झाले.’ सासूबाईंनी डोळे उघडले. “बाळ उठलं का गं?”

ऋजुताला हायसं वाटलं. तेवढ्यात फोन वाजला.

“मी मामा बोलतोय. आमच्या मालनला दे जरा.”

“मालन?”

“तुझी सासू गं! लग्नात नाव बदललं ना तिचं.”

ऋजुताने घाईघाईने कचरापेटी उघडली. रिकामी.

“कुणाचा फोन?” सासूबाईंनी विचारलं.

“मामांचा.”

“कुणाचे मामा?”